थोरपणाला साजेसे विशेषण



या महोत्सवाच्या निमित्ताने संस्थेच्या दिवंगत आधारस्तंभांचे परिचय घरोघरी लिहिले जात आहेत. म्हणून थोर माणसांविषयी लिहिताना विशेषणे कशी निवडावीत, याविषयी आम्ही आज चार शब्द बोलणार आहोत. प्रश्न दिसायला व्याकरणाचा. वस्तुतः तो न्यायाचा आहे. ज्याला त्याला ‘दानशूर’ नि ‘कर्मयोगी’ म्हटले, की खऱ्या दानशूरासाठी आपल्यापाशी शब्दच उरत नाही.

आपल्या पूर्वसूरींनी याचा बारकाईने विचार केला आहे. दहाव्या शतकातील धनंजयाच्या ‘दशरूपका’त नायकांचे चार प्रकार सांगितले आहेत. त्यांतील ‘धीरोदात्त’ नायक गंभीर, क्षमाशील, स्थिर आणि घेतलेले व्रत न सोडणारा असतो. शिवाय तो ‘अविकत्थन’, म्हणजे आत्मस्तुती न करणारा, आणि ‘निगूढाहंकार’, म्हणजे ज्याचा अभिमान विनयाआड झाकलेला आहे, असा असतो. या लक्षणांत संपत्तीचा वा पदवीचा मागमूस नाही. सारी विशेषणे स्वभावाची आणि वागणुकीची आहेत. मम्मटाच्या ‘काव्यप्रकाशा’त तर साभिप्राय विशेषणांच्या योजनेला ‘परिकर’ अलंकार म्हटले आहे. जे गाळले तरी वाक्याचे काही अडत नाही, ते विशेषण अलंकार नव्हे, ओझे होय.

रामशास्त्री प्रभुण्यांचे उदाहरण घ्या. पेशवाईत विद्वान शास्त्री पुष्कळ होते. परंतु १७७३ साली नारायणरावांचा खून झाला, तेव्हा खुद्द राघोबादादांना दोषी ठरवून न्यायाधीशपद सोडणारे शास्त्रीबुवा एकच. ‘विद्वान’ म्हटल्याने ते चारचौघांत मिसळतात. ‘निःस्पृह’ म्हटल्याने वेगळे उभे राहतात.

आपल्या माळव्यात अहिल्याबाईंना ‘पुण्यश्लोक’ म्हणतात. ज्याचे नुसते स्मरण पवित्र, तो पुण्यश्लोक. परंपरेने हा शब्द नल, युधिष्ठिर यांना लावला. १७६७ ते १७९५ या काळात बाईंनी महेश्वराहून राज्य केले आणि काशी, गया, सोमनाथ येथे देवालये उभारली. ही क्षेत्रे होळकरांच्या राज्याबाहेरची. तेथून त्यांना ना वसूल यायचा, ना सत्ता वाढायची. एवढा मोठा शब्द त्या नावाला जड होत नाही, तो या कामांमुळेच.

तेव्हा आमची सूचना अशी की, आधी कृती लिहावी आणि मग विशेषणाची गरज उरते का ते पाहावे. भरल्या घरातून मोकळ्या हाताने देणारा तो ‘उदार’. स्वतःच्या गरजेला कात्री लावून देणारा तो ‘दानशूर’. ज्याने वर्षानुवर्षे पै-पैचा हिशेब ठेवला, त्याला ‘महान’ म्हणण्यापेक्षा ‘चोख’ म्हणावे. पंक्तीमागून पंक्ती उठेपर्यंत जिने पदर खोचून वाढले, तिला ‘कष्टाळू’ हा शब्द कमीपणाचा नाही. कोणी स्वभावाने कडक असेल, तर ‘प्रेमळ’ असे खोटे न लिहिता ‘करारी’ लिहावे. पाच विशेषणांची माळ घालण्यापेक्षा नेमके एक पुरे.

ज्यांनी या माणसांना पाहिले, ते आता थोडे उरले आहेत. पुढच्या पिढीच्या हाती केवळ आपले शब्द जाणार आहेत. ते वाचून नातवंडांना आपले आजोबा शेजारच्या आजोबांहून निराळे ओळखू यावेत, एवढी काळजी आपण सर्वांनी घ्यावी, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.