जामीन भरणारं फ्युनरल होम

आजचा विषय ऐकून काही जण लगेच स्किप करतील, पण चार मिनिटं थांबा. विषय आहे फ्युनरल होम, म्हणजे अंत्यविधीची सगळी व्यवस्था पैसे घेऊन करणारी संस्था.

आपल्याकडे कुणी गेलं की शेजारीपाजारीच तिरडी बांधतात. अमेरिकेत हा व्यवसाय आहे, आणि तो पिढ्यानपिढ्या चालवणारी घराणी आहेत. त्यातलंच एक नाव म्हणजे अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅम शहरातलं ‘स्मिथ अँड गॅस्टन’.

आर्थर जॉर्ज गॅस्टन यांचा जन्म १८९२ चा, कृष्णवर्णीय कुटुंबातला. पहिल्या महायुद्धातून परत आल्यावर ते खाणीत मजुरी करायला लागले. सोबत जोडधंदे होतेच. जेवणाचे डबे विकायचे, शेंगदाणे विकायचे, व्याजाने पैसे द्यायचे. तिथे त्यांना एक गोष्ट दिसली. कामगार मेला की त्याची बायको मूठमातीसाठी लोकांकडे पैसे मागत फिरायची.

१९२३ मध्ये त्यांनी एक सोसायटी काढली. थोडी थोडी वर्गणी भरायची, आणि घरात मयत झालं की खर्च सोसायटीचा. पुढे सासऱ्यांना सोबत घेऊन फ्युनरल होम उभं राहिलं. त्यानंतर विमा कंपनी, १९५४ मध्ये मोटेल, मग बचत बँकसुद्धा.

आता मुद्दा नीट ऐका. त्या काळात तिथे शाळा वेगळ्या, बसमधल्या जागा वेगळ्या, दफनभूमीही वेगळ्या. आपल्याला हे समजायला जड जाऊ नये, कारण आपल्याकडेही कित्येक गावांत जातीनुसार वेगळ्या स्मशानभूमी आहेत. पण या भेदभावामुळेच गॅस्टन यांचं सगळं गिऱ्हाईक कृष्णवर्णीय होतं. चळवळीत दिसलेल्या शिक्षकाची नोकरी जाऊ शकायची. गॅस्टनना कामावरून काढणारा गोरा साहेबच नव्हता!

म्हणून १९६३ च्या आंदोलनात मार्टिन ल्यूथर किंग उतरले ते गॅस्टन मोटेलमध्ये. बैठका तिथेच व्हायच्या. आंदोलकांच्या जामिनासाठी गॅस्टन यांनी पैसे घातले. ते काही जहाल नव्हते. शाळकरी मुलांना मोर्चात आणणं त्यांना पटत नव्हतं. पण मे महिन्यात पोलिसांच्या सांगण्यावरून अग्निशमन दलाने मुलांवर पाण्याचे फवारे सोडले. एक छोटी मुलगी त्या माऱ्याने रस्त्यावरून गडगडत जाताना त्यांनी स्वतः पाहिली. त्यांचा सूर तिथे बदलला. काही दिवसांतच मोटेलवर बॉम्ब पडला.

शिकागोतल्या रेनर फ्युनरल होमचंही असंच. १९५५ मध्ये मिसिसिपीत १४ वर्षांच्या एमेट टिलचा खून झाला. मृतदेह सीलबंद पेटीत आला, न उघडण्याच्या अटीवर. आई मॅमी म्हणाली, उघडा. रेनर यांनी पेटी उघडली. हजारो लोकांनी ते छिन्नविच्छिन्न शरीर पाहिलं, ‘जेट’ मासिकात फोटो आले आणि देश हादरला. पेटी कुणा भित्र्या व्यावसायिकाकडे गेली असती, तर ती तशीच पुरली गेली असती.

मी सॉफ्टवेअरवाला. माझा पगार एकाच ठिकाणाहून येतो, आणि एका मेलवर तो थांबू शकतो. त्यामुळे ही गोष्ट वाचताना मला पैशांपेक्षा एक प्रश्न जास्त छळतो. आपण खरं बोललो तर आपलं पोट कोण मारू शकतं? गॅस्टन यांचं उत्तर होतं, ‘शहरातला कुठलाच गोरा मालक नाही.’ त्या उत्तरावर एक चळवळ काही काळ तगली.

१९८७ मध्ये त्यांनी विमा कंपनी आपल्याच कर्मचाऱ्यांना विकली, खऱ्या किमतीपेक्षा खूप स्वस्तात. १९९६ मध्ये ते गेले, वयाच्या १०३ व्या वर्षी.

तुमच्या गावात असं कुणी आहे का, ज्याचं पोट कुणाच्या हातात नाही आणि म्हणून जो बोलू शकतो? त्याची गोष्ट मला नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!