अडुळसा आणि आवळलेली श्वासनलिका

(एका आरोग्यविषयक व्याख्यानाचा संपादित अंश)



बांधावरचा अडुळसा आपण सर्वांनी पाहिलेला आहे. त्याच्या कडू पानांना गुरे तोंड लावत नाहीत, म्हणून तो कुंपणाला लावतात. त्याच पानांचा रस मधातून देण्याची रीत घरोघरी होती. आयुर्वेदाने या ‘वासा’ वनस्पतीस कास, श्वास व रक्तपित्त या विकारांत मानाचे स्थान दिले आहे. परंतु आज मी गुणगानासाठी उभा नाही.

फुप्फुसातील अगदी बारीक श्वासनलिकांना कूर्चेचा आधार नसतो. त्यांच्याभोवती अनैच्छिक स्नायूंचे वेटोळे असते. दम्यात ते आवळते. नळीची त्रिज्या निम्मी झाली, तर हवेला होणारा अडथळा दुप्पट नव्हे, सुमारे सोळापट वाढतो! स्नायूपेशीत कॅल्शियम वाढले की आकुंचन होते, ते उतरले की स्नायू सैलावतो.

वनस्पतीचा अर्क हे करतो की नाही, हे पाहण्याची पद्धत जुनी आणि सुबोध आहे. गिनीपिगच्या श्वासनलिकेचा तुकडा ३७ अंश सेल्सियसच्या क्षारद्रवात टांगतात, त्यास प्राणवायू पुरवतात, हिस्टामिन वा ॲसिटिलकोलीन घालून तो आवळू देतात आणि मग अर्क सोडतात. ताण उतरला, तर पुढचा प्रश्न : कसा उतरला? पोटॅशियमने आणलेले आकुंचनही सैल झाले, तर कॅल्शियमची वाट अडली असावी असा तर्क करता येतो. केवळ ॲसिटिलकोलीनचेच सैल झाले, तर त्याच्या ग्राहकाकडे संशय जातो.

अडुळशातील व्हॅसिसीन हे द्रव्य हूपर यांनी १८८८ मध्ये वेगळे केले. १९२५ मध्ये कलकत्त्यात चोप्रा व घोष यांनी त्याचे गुणधर्म तपासले. १९५९ मध्ये अमीन व मेहता यांनी ‘नेचर’मध्ये श्वासनलिका सैल करणाऱ्या व्हॅसिसिनोनची नोंद केली. व्हॅसिसीनच्याच रचनेवरून पुढे ब्रोमहेक्झिन घडले. कफ पातळ करणाऱ्या कितीतरी औषधांच्या बाटल्यांवर हे नाव आपण वाचतो, फक्त त्यामागचा अडुळसा दिसत नाही.

आता एक कटू प्रसंग. एका आजोबांनी पंप सोडून केवळ काढा चालवला होता. मध्यरात्री त्यांना माझ्याकडे आणले, तेव्हा एक वाक्य सलग बोलवत नव्हते. सुदैवाने वाचले. मुलगा म्हणाला, “डॉक्टर, पण औषध तर आपलंच होतं ना?”

होते. पण द्रवात टांगलेला तुकडा म्हणजे रुग्ण नव्हे. दम्यात स्नायू आवळतो, त्याबरोबर नळीच्या अस्तराला सूज येते, चिकट कफ साचतो. ती सूज उतरवण्यास श्वासावाटे घ्यावयाचे स्टिरॉइड लागते. शिवाय घरच्या काढ्यात व्हॅसिसीन किती उतरले, हे कोण मोजतो? ज्यांना वैद्यांकडून अडुळसा घ्यायचा आहे त्यांनी अवश्य घ्यावा, मात्र पंप आपल्या मनाने बंद करू नये. आणि भगिनींसाठी विशेष सूचना : व्हॅसिसीनने गर्भाशयाचे आकुंचन होते, म्हणून गरोदरपणी अडुळसा टाळावा.