सुंदर वृक्षाच्या मुळांचा शोध

(एका अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



२० ऑक्टोबर १९३१ या दिवशी लंडनच्या चॅथम हाउसमध्ये महात्मा गांधींचे भाषण झाले. ते दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी इंग्लंडमध्ये गेले होते. पन्नास-शंभर वर्षांपूर्वीचा हिंदुस्थान आजच्या मानाने अधिक साक्षर होता, असे विधान त्यांनी तेथे केले. भारताची शिक्षणपद्धती हा एक सुंदर वृक्ष होता. इंग्रजांनी त्याची मुळे पाहण्यासाठी माती उकरली आणि ती तशीच उघडी टाकली, त्यामुळे वृक्ष वाळून गेला, अशा आशयाचे ते प्रतिपादन होते. श्रोत्यांमध्ये सर फिलिप हार्टॉग बसले होते. ढाका विद्यापीठाचे माजी कुलगुरू, सायमन कमिशनच्या शिक्षणविषयक उपसमितीचे अध्यक्ष. त्यांनी तेथल्या तेथे पुरावा मागितला.

गांधीजींनी ही मागणी टाळली नाही. परत आल्यावर ते लगेच स्थानबद्ध झाले. फेब्रुवारी १९३२ मध्ये येरवड्याच्या कारागृहातून त्यांनी हार्टॉगना पत्र लिहिले, आणि उत्तर देण्याचे काम मुंबईचे अर्थशास्त्रज्ञ प्रा. के. टी. शाह यांच्यावर सोपविले. शाहांनी दीर्घ उत्तर लिहिले; परंतु हार्टॉगचे समाधान झाले नाही. त्यांनी लंडन विद्यापीठात व्याख्याने दिली, १९३९ मध्ये त्यांचे पुस्तक काढले आणि गांधीजींचे विधान निराधार असल्याचे जाहीर केले. शिष्ट जगाच्या दृष्टीने वाद तेथे संपला.

पुरावा मात्र होता आणि तो लंडनमध्येच होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या दफ्तरात, तिच्याच कलेक्टरांच्या सहीने. तो संपूर्णपणे मांडला जाण्यास १९८३ साल उजाडावे लागले. ज्यांनी तो मांडला त्यांच्याजवळ इतिहासाची पदवी नव्हती, विद्यापीठाचे अध्यासन नव्हते, शिष्यवृत्तीचा भक्कम आधारही नव्हता. त्यांचे नाव धरमपाल.

उत्तर प्रदेशातील कांधला या गावी १९ फेब्रुवारी १९२२ रोजी त्यांचा जन्म झाला. शिक्षण लाहोरमध्ये, पुढे मेरठला, तेही विज्ञानाचे. आणि ते अर्धवट सोडून ते स्वातंत्र्यलढ्यात उतरले. ऑगस्ट १९४२ मध्ये मुंबईतील ‘भारत छोडो’ अधिवेशनाला ते उपस्थित होते. नंतर कारावासही झाला. मीराबेन यांच्या सहवासात रुडकी-हरिद्वार परिसरात ग्रामसेवा केली. फाळणीनंतर निर्वासितांच्या पुनर्वसनात राबले. १९४९ मध्ये फिलिस या इंग्रज युवतीशी त्यांचा विवाह झाला आणि हे दांपत्य ऋषिकेशजवळ ‘बापूग्राम’ वसविण्याच्या उद्योगाला लागले. १९५८ ते १९६४ या काळात ग्रामविकासाच्या क्षेत्रातील स्वयंसेवी संस्थांच्या ‘अवार्ड’ या महासंघाचे ते सरचिटणीस होते. तेथे जयप्रकाश नारायण यांच्याशी त्यांचा निकटचा संबंध आला. नोव्हेंबर १९६२ मध्ये चीनच्या आक्रमणाने देश हादरला असताना त्यांनी दोन सहकाऱ्यांसह लोकसभा सदस्यांना अनावृत पत्र लिहून पंतप्रधान नेहरूंच्या नेतृत्वावर स्पष्ट शब्दांत टीका केली. त्याचे उत्तर अटकेने मिळाले. स्वतंत्र भारताच्या तुरुंगाचा अनुभवही या गांधीवादी कार्यकर्त्याच्या पदरी असा जमा झाला.

असा कार्यकर्ता दफ्तरखान्याकडे का वळला? १९६० च्या सुमारास ग्वाल्हेरहून दिल्लीकडे जाणाऱ्या गाडीच्या तिसऱ्या वर्गाच्या डब्यात धरमपालांची गाठ दहा-बारा ग्रामस्थांशी पडली. लखनौकडच्या दोन खेड्यांतील ही मंडळी तीन महिने यात्रा करीत रामेश्वरापर्यंत जाऊन आता हरिद्वारला निघाली होती. तुम्ही सगळे एकाच जातीचे का, असे विचारल्यावर उत्तर मिळाले की यात्रेत जात नसते. वाटेत दिल्ली पाहणार का, या प्रश्नालाही नकारच आला. त्यासाठी वेळ नव्हता. दिल्लीत बसून ज्यांच्या विकासाच्या योजना आखल्या जात होत्या, त्यांना त्या दिल्लीचे कुतूहलही नव्हते. ही माणसे कोणत्या बळावर उभी आहेत, त्यांचा समाज पूर्वी कसा चालत होता, हे सुशिक्षित भारताला ठाऊकच नाही, ही जाणीव धरमपालांच्या मनात घर करून बसली. १९८६ च्या जानेवारीत पुण्यात झालेल्या त्यांच्या व्याख्यानांचा विषयही पूर्वीचा भारतीय समाज, त्याची राज्यव्यवस्था आणि त्यांचे आजच्या काळाशी नाते, हाच होता.

प्रारंभ त्यांनी मद्रासच्या दफ्तरखान्यात ग्रामपंचायतींच्या शोधाने केला. नंतर कौटुंबिक कारणाने लंडनला जावे लागले आणि १९६६ पासून पुढची सुमारे दीड दशके इंडिया ऑफिस लायब्ररी व ब्रिटिश म्युझियम हीच त्यांची कर्मभूमी झाली. उत्पन्न तुटपुंजे, संसाराची जबाबदारी शिरावर. छायाप्रतींना पैसे पडत आणि अनेक जीर्ण हस्तलिखितांच्या छायाप्रती काढताही येत नसत. तेव्हा त्यांनी सरळ हाताने नकला करावयास सुरुवात केली. रोज, पानामागून पान. पुढे त्या नकला टंकलिखित करून घ्यावयाच्या. भारतात परतताना त्यांच्याबरोबर आलेली संपत्ती म्हणजे या कागदांनी भरलेल्या ट्रंका.

या कागदांतून १९७१ मध्ये दोन ग्रंथ बाहेर पडले. अठराव्या शतकातील भारतीय विज्ञान व तंत्रज्ञान हा पहिल्याचा विषय. त्यात धरमपालांची प्रस्तावना आहे. पण उरलेले बहुतेक पुस्तक युरोपीयांनी त्या काळी स्वतः लिहिलेल्या वृत्तांतांचे आहे. देवीच्या रोगावर बंगालमध्ये टोचणी कशी केली जाई याचे जे. झेड. हॉलवेल याने १७६७ मध्ये लंडनच्या वैद्यांसाठी केलेले वर्णन त्यात आहे. जेनरच्या लसीचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता. काशीच्या वेधशाळेचे वर्णन आहे, दक्षिणेतील पोलाद गाळण्याच्या भट्ट्यांचे आहे, पेरणीच्या पाभरीचेही आहे. कंपनीच्या नोकरीतील हेलेनस स्कॉट हा डॉक्टर मुंबईहून रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांना पत्रे लिहीत असे. येथील पोलाद, येथील रंग, येथील वैद्य कापलेले नाक कसे पुन्हा बसवितात, हे सारे तो विद्यार्थ्याच्या औत्सुक्याने कळवितो. ‘रानटी’ देशाविषयी कोणी असे लिहीत नाही.

दुसरा ग्रंथ सविनय कायदेभंगाच्या भारतीय परंपरेविषयी. १८१० मध्ये काशीत घरपट्टी बसविण्यात आली, तेव्हा सारे नगर काम टाकून धरणे धरून बसले. लोहारांनी भाते थांबविले, नावाड्यांनी नावा बांधून ठेवल्या. गोऱ्या अधिकाऱ्यांच्या पत्रव्यवहारात या शांत हट्टामुळे उडालेली भंबेरी शब्दाशब्दांत दिसते. सरकारला अखेर ती घरपट्टी गुंडाळावी लागली. गांधीजींनी सत्याग्रहाचा विचार थोरो आणि टॉलस्टॉय यांच्याकडून उचलला असे शिकविले जाते. धरमपालांनी त्याचे मूळ काशीच्या लोहारआळीपर्यंत नेऊन दाखविले.

तिसरा ग्रंथ हार्टॉगना उत्तर देणारा. त्याचे नावच ‘सुंदर वृक्ष’ असे आहे. मद्रासचा गव्हर्नर टॉमस मन्रो याने जून १८२२ मध्ये इलाख्यातील सर्व कलेक्टरांना आपापल्या जिल्ह्यातील शाळांची गणना करण्यास फर्माविले. १८२६ मध्ये त्याने काढलेली बेरीज अशी : १२,४९८ शाळा आणि १,८८,६५० विद्यार्थी, इलाख्याची लोकसंख्या सुमारे एक कोटी साडेअठ्ठावीस लाख. शालेय वयाच्या मुलग्यांपैकी एकचतुर्थांश शाळेत होते. घरी शिकणारे धरले तर हे प्रमाण एकतृतीयांशाच्या जवळ जाते, असा मन्रोचा अंदाज होता.

याहून धक्कादायक होते ते जातिनिहाय तक्ते. विद्या ही मूठभर उच्चवर्णीयांची मक्तेदारी होती, हे वाक्य आपल्या पाठ्यपुस्तकांत पिढ्यान्पिढ्या गिरविले गेले. कलेक्टरांचे आकडे निराळे बोलतात. तमिळ जिल्ह्यांतील शाळांत ब्राह्मणादी द्विजांचे प्रमाण दक्षिण अर्काटात १३ टक्के तर मद्रासमध्ये सुमारे २३ टक्के होते. शूद्र आणि त्यांच्याही खालच्या मानल्या गेलेल्या जातींची मुले ७० ते ८४ टक्के होती. मलबारात सुमारे २७ टक्के विद्यार्थी मुसलमान होते. तेलुगू भागात ब्राह्मणांचे प्रमाण अधिक होते आणि उच्च विद्येच्या पाठशाळांत तर ब्राह्मणच बहुसंख्य होते, हेही धरमपालांनी लपविलेले नाही. मुलींची संख्या अवघी ४,५४०, हाही आकडा त्याच कागदात आहे. त्यांच्यावर भारताच्या सुवर्णयुगाचे स्वप्न रंगविल्याचा आरोप करणाऱ्यांनी हे तक्ते चाळलेले दिसत नाहीत. त्यांची स्तुती करणारेही बहुधा तेवढे पान उलटून पुढे जातात.

बेल्लारीचा कलेक्टर कॅम्पबेल याचा १८२३ चा अहवाल तर स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. त्याच्या जिल्ह्यात ५३३ शाळा होत्या. त्यांतील २३५ कानडी, २२६ तेलुगू आणि २३ मराठी. बेल्लारीसारख्या कर्नाटकी मुलखात तेवीस मराठी शाळा चालत होत्या, हे महाराष्ट्रातील किती शिक्षकांना माहीत आहे? वरच्या वर्गातील मुलांनी खालच्या वर्गाला शिकविण्याची येथील पंतोजींची काटकसरी रीत इंग्लंडने उचलली, हेही हा कलेक्टर नोंदवितो. आणि मग शाळा कमी का होत आहेत याची कारणे देतो. इंग्लंडच्या कापडामुळे विणकर बुडाले, महसूल बाहेर जाऊ लागला, देश हळूहळू दरिद्री झाला, पूर्वीचे राजे विद्येला जे देत ते बंद झाले. गांधीजींनी १९३१ मध्ये जे म्हटले, ते कंपनीच्या एका कलेक्टराने एकशे आठ वर्षे आधी सरकारला लिहून कळविले होते.

या कार्याचे विद्यापीठीय जगाने काय केले? बराच काळ काहीच केले नाही. डाव्या इतिहासकारांच्या चौकटीत धरमपाल बसत नव्हते; आणि ज्याच्या नावापुढे ‘डॉक्टर’ नाही त्याची दखल न घेण्याची सोय सर्वांनाच असते. चेन्नईचे काही तरुण वैज्ञानिक त्यांच्याभोवती जमले, आणि गोव्यात म्हापशाच्या एका प्रकाशन संस्थेने २००० मध्ये त्यांचे समग्र लेखन पाच खंडांत काढले, तेव्हा ते सामान्य वाचकाच्या हाती पडले.

राष्ट्रीय विचाराच्या क्षेत्रात त्यांना आदर मिळाला, हे खरे. पण येथे थोडे कठोर बोलणे आवश्यक आहे. २ फेब्रुवारी १८३५ रोजी मेकॉलेने ब्रिटिश पार्लमेंटमध्ये केलेले म्हणून एक ‘भाषण’ गेली अनेक वर्षे आपल्या पत्रकांतून, फलकांवरून, बौद्धिकांतून फिरत आहे. भारतभर हिंडलो, भिकारी आणि चोर दिसला नाही, म्हणून या देशाचा कणा मोडला पाहिजे, असे त्यात म्हटलेले असते. त्या दिवशी मेकॉले लंडनमध्ये नव्हता, कोलकात्यात होता. त्या तारखेचे त्याचे शिक्षणविषयक टिपण सर्वत्र छापलेले मिळते आणि त्यात ही वाक्ये नाहीत. खरे टिपण भारतीय विद्येचा पुरेसा उपमर्द करणारे असताना खोट्या उताऱ्याची गरज कोणाला पडावी? ज्या विषयावर एका माणसाने पंधरा वर्षे हाताने नकला उतरवून अस्सल पुरावा उभा केला, त्याच विषयावर बनावट उतारा वापरल्याने प्रतिपक्षाला आयती संधी मिळते. एक खोटे उघडे पडले की शंभर खऱ्या कागदांवर संशय येतो.

गोहत्येच्या प्रश्नावर त्यांनी टी. एम. मुकुंदन यांच्यासह २००२ मध्ये प्रसिद्ध केलेला ग्रंथही अशाच काळजीने वाचावा लागतो. राणी व्हिक्टोरियाने ८ डिसेंबर १८९३ रोजी व्हाइसरॉय लॅन्सडाउनला लिहिलेले पत्र त्यांनी पुढे आणले. मुसलमानांची गोहत्या हे आंदोलनाचे निमित्त असले, तरी त्याचा रोख आपल्याविरुद्धच आहे, कारण आपल्या सैन्यासाठी आपण त्याहून कितीतरी अधिक गाई मारतो, असे साक्षात राणी मान्य करते. या पत्राने वादाची दिशाच बदलते. ज्यांना केवळ शेजाऱ्याकडे बोट दाखवावयाचे असते त्यांना हा कागद अडचणीचा वाटेल. धरमपालांना तशी अडचण कधी वाटली नाही. २००१ मध्ये केंद्राने नेमलेल्या राष्ट्रीय गोवंश आयोगाचे अध्यक्षपदही काही काळ त्यांच्याकडे होते.

१९८६ मध्ये लंडनमध्ये फिलिस यांचे निधन झाले. त्यानंतर धरमपालांचे वास्तव्य बहुतांशी वर्ध्याजवळ सेवाग्रामच्या आश्रम प्रतिष्ठानात राहिले. २४ ऑक्टोबर २००६ रोजी तेथेच त्यांचे देहावसान झाले. त्यांची कन्या गीता जर्मनीतील हायडेलबर्ग विद्यापीठात दक्षिण आशियाच्या इतिहासाच्या प्राध्यापक झाल्या. त्यांनी संपादित केलेला पित्याच्या निवडक लेखनाचा खंड २०१५ मध्ये भारत सरकारच्या प्रकाशन विभागाने काढला. परदेशातील दफ्तरखान्यांतून हाताने उतरविलेले ते कागद आजही अभ्यासकांची वाट पाहत आहेत. मद्रास इलाख्याच्या एकेका जिल्ह्याचा तक्ता त्यात आहे, आणि बेल्लारीच्या पानावर त्या तेवीस मराठी शाळाही.