समुद्राची पैसेवारी कोणी काढावी?

(बीड येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बीड जिल्ह्याला समुद्र नाही. परंतु मोजणी कोण करतो आणि कशी करतो यावर माणसाची भाकरी अवलंबून असते, हे या जिल्ह्याला कोणी शिकवावयास नको. वर्षानुवर्षे हिशेब असा होता: पैसेवारी ५० च्या आत आली तर दुष्काळ, वर गेली तर नाही. आणि तिचा आधार पीक कापणी प्रयोग. त्यासाठीचे शेत आधीच चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरावे असा दंडक आहे. तलाठ्याने सोयीचे, विहिरीखालचे शेत निवडले की कागदावर गाव सुकाळी होते. निवडीत अशी मर्जी चालू नये, याचा शास्त्रीय पाया घालणाऱ्यांत पां. वा. सुखात्मे हे मराठी संख्याशास्त्रज्ञ अग्रणी होते.

समुद्रातील मासळीची मोजणी याच जातीची आहे. नकाशावर आधी ठरविलेल्या ठिकाणी, ठरलेल्या मापाचे जाळे ठरलेला वेळ ओढावयाचे. जाळ्याच्या तोंडाची रुंदी आणि ओढलेले अंतर यांचा गुणाकार म्हणजे चाळलेले क्षेत्र. त्यात सापडलेल्या मासळीवरून साऱ्या पट्ट्यातील साठ्याचा अंदाज बांधला जातो. प्रश्न उरतो तो नौकेचा. ती सरकारची असावी की मच्छीमाराकडून भाड्याने घेतलेली?

भारतात मुख्यतः पहिला मार्ग रुळला. १९४६ साली मुंबईत खोल समुद्रातील मासेमारीचे केंद्र निघाले. त्यातूनच १९८३ साली भारतीय मत्स्य सर्वेक्षण ही संस्था उभी राहिली. ती स्वतःची जहाजे वापरते. भाड्याने घेतलेल्या जहाजाचे ठळक उदाहरण म्हणजे १९७७ मधील ‘मुरेना’. वायव्य किनाऱ्याच्या पाहणीसाठी केंद्र सरकारने हा ट्रॉलर आणला तो थेट पोलंडहून! पुढे ‘चार्टर’ या शब्दाचा अर्थच बदलला. १९८० नंतरच्या दशकात भारतीय कंपन्यांनी परकी जहाजे भाड्याने घेऊन मासळी उपसावी, असे धोरण आले; १९९१ च्या धोरणाने परकी भागीदारीस दार आणखी उघडले. १९९४ साली मच्छीमारांनी देशव्यापी बंद पाळले, तेव्हा कोठे मुरारी समिती नेमली गेली. कोळीवाड्यात हा शब्द बदनाम आहे, आणि ते सकारण आहे. तथापि शब्द नासला म्हणून साधन टाकून देणे शहाणपणाचे नव्हे.

अमेरिकेचे सरकार बेरिंग समुद्राच्या तळाची पाहणी धंद्यातल्याच ट्रॉलरांना भाडे देऊन करविते. हॅलिबट माशासाठी १९२३ च्या करारान्वये अमेरिका व कॅनडा यांनी स्थापिलेला आयोगही मच्छीमारांच्याच नौका घेतो आणि पाहणीतील मासळी विकून खर्चाचा भार हलका करतो. मेख आहे ती करारात. नौका धंद्याची असली, तरी त्या दिवसांपुरता धंदा बंद असला पाहिजे. भाडे दिवसावर द्यावे, मासळीवर नव्हे; नाहीतर तांडेल जेथे मासळी दाट तेथेच जाळे टाकणार, आणि त्याला दोष तरी कसा द्यावा? जाळे शास्त्रज्ञांचे, जागा शास्त्रज्ञांची. हात आणि दर्याचे ज्ञान मात्र मच्छीमाराचे.

हा भेद न पाळल्याची किंमत कॅनडातील न्यूफाउंडलंडने मोजली. तेथे कॉड माशाचा अंदाज बांधताना मोठ्या ट्रॉलरांच्या धंद्यातील आकड्यांवर फार विसंबले गेले. साठा आटत होता. पण उरलेले थवे शोधून काढण्याची यंत्रे हाती असल्याने ट्रॉलरांची जाळी भरतच होती. मासा कमी झाला, असे किनाऱ्याजवळचे छोटे मच्छीमार सांगत होते. त्यांना विचारतो कोण? १९९२ साली बंदी आली आणि हजारो घरांचा रोजगार एका दिवसात गेला. त्यानंतर मात्र त्याच छोट्या मच्छीमारांना मोबदला देऊन ठरीव पद्धतीने साठ्यावर नजर ठेवण्याचे काम सोपविले गेले.

महाराष्ट्रात पावसाळ्यातील ६१ दिवसांची बंदी आहे, २०१६ पासून पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध आहेत, २०२३ मध्ये पकडावयाच्या मासळीच्या किमान आकाराचे नियम आले. हे निर्बंध आवश्यकच आहेत. पण सातपाटीच्या मच्छीमाराला त्यामागील आकडे आदेशाच्या रूपानेच भेटतात. शिवाय सर्वेक्षणाच्या मोठ्या जहाजाला खाडीच्या मुखाशी, उथळ पाण्यात जाता येत नाही. आणि बोंबील, कोलंबी, पापलेटची पिले असतात ती तेथेच. त्या पट्ट्यात स्थानिक नौका दिवसाच्या भाड्याने घ्याव्यात, मोजणीच्या वेळी मच्छीमार सहकारी संस्थेचा माणूस हजर असावा आणि आकडे मराठीत बंदरावर लावावेत, ही मागणी पक्षाने हाती घेतली पाहिजे. खर्चाची सबब सांगितली जाईल. परंतु खोल समुद्रातील जहाज वर्षभर पोसण्यापेक्षा लहान नौकेचे थोड्या दिवसांचे भाडे जड नाही.

आता बीडकडे. माजलगाव आणि मांजरा या धरणांत मच्छीमारांच्या सहकारी संस्था मासेमारी करतात. ठेक्याची रक्कम ठरते ती जलक्षेत्राच्या हेक्टरवर, पाण्यातील माशावर नव्हे. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा कोरडे पडले आणि लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. अशा वर्षी कागदावरच्या हेक्टरला काय अर्थ राहतो? येथे जहाज लागत नाही. संस्थेच्या सभासदांचेच तराफे आणि जाळी रोजाने घेऊन, पाणी सर्वांत जास्त असताना एकदा आणि सर्वांत कमी असताना एकदा, चिठ्ठीने ठरविलेल्या जागी मोजणी करता येईल. तिचे आकडे हाती असतील, तर ठेक्यात सूट मागताना संस्थेला कोणाच्या दयेवर अवलंबून राहावे लागणार नाही. माजलगाव व केज तालुक्यांतील कार्यकर्त्यांनी येत्या हंगामाआधी या संस्थांच्या सभासदांना भेटून मागणीचा मसुदा तयार करावा.