कृत, कारित, अनुमोदित : साखरेची जबाबदारी कोणाची?

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचा मजकूर)



अक्षय तृतीयेला वर्षीतपाचे पारणे उसाच्या रसाने होते. साधूला निर्दोष आहार कसा द्यावा हे त्या काळी लोकांना ठाऊक नव्हते, म्हणून भगवान ऋषभदेवांना दीर्घकाळ निराहार राहावे लागले. अखेर हस्तिनापुरात श्रेयांसकुमाराने त्यांच्या ओंजळीत इक्षुरस अर्पण केला. पाठशाळेतील लहान मुलालाही ही कथा ठाऊक असते. गोड पदार्थाविषयी जैन परंपरेला तिटकारा नाही, हे या कथेवरून दिसते. परंतु रस घेणाऱ्याच्या मागे तप होते, रस ओंजळभरच होता आणि काय द्यावे याचा विचार देणाऱ्याने केला होता. दानाचे मोल विधी, द्रव्य, दाता आणि पात्र या चार गोष्टींवरून ठरते, असे तत्त्वार्थसूत्र सांगते. म्हणजे जबाबदारी केवळ घेणाऱ्याची नाही. देणाऱ्याने कोणते द्रव्य दिले, हाही प्रश्न तेथे विचारला जातो. आजच्या विषयाचे बीज या विचारात आहे.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. एके काळी हा श्रीमंतांचा रोग समजला जाई. परंतु याच पाहणीच्या २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या टप्प्यात एक वेगळीच गोष्ट आढळली. अधिक संपन्न राज्यांच्या शहरी भागांत मधुमेहाचे प्रमाण सधनांपेक्षा निम्न आर्थिक स्तरात अधिक होते. सधन माणूस आता साखर मोजू लागला आहे. गरिबाच्या हाती मात्र स्वस्त ऊर्जेचे तेवढेच एक साधन उरले आहे.

यावर दोन उत्तरे सुचवली जातात. एक पक्ष म्हणतो, साखरयुक्त पदार्थांवर कर लावावा. दुसरा म्हणतो, काय खावे हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे; शासनाने स्वयंपाकघरात डोकावू नये, माणसाने संयम शिकावा. संयमाची परंपरा सांगणाऱ्या समाजाला दुसरा पक्ष सहज पटतो. म्हणूनच तो जरा तपासून पाहिला पाहिजे.

प्रथम अनुभव काय सांगतो ते पाहू. मेक्सिको हा शीतपेयांच्या खपात जगात आघाडीवर असलेला देश. तेथे १ जानेवारी २०१४ पासून साखरयुक्त पेयांवर लिटरमागे १ पेसो कर बसला. पहिल्या वर्षात अशा पेयांची खरेदी सरासरी ६ टक्क्यांनी घटली आणि डिसेंबरपर्यंत ही घट १२ टक्क्यांवर गेली. सर्वांत गरीब कुटुंबांत डिसेंबरमधील घट १७ टक्के होती. ज्याच्या खिशाला झळ अधिक, तोच सवय आधी बदलतो, असा याचा अर्थ.

इंग्लंडने निराळी वाट धरली. एप्रिल २०१८ पासून तेथे पेयातील साखरेच्या प्रमाणावर कर लागू झाला. सुरुवातीला १०० मिलिलिटरमध्ये ५ ग्रॅमपेक्षा कमी साखर असल्यास कर नव्हता; ५ ते ८ ग्रॅमपर्यंत लिटरमागे १८ पेन्स आणि ८ ग्रॅम किंवा त्याहून अधिक असल्यास २४ पेन्स असा दर होता. कायद्याची घोषणा २०१६ मध्येच झाली होती. मधल्या दोन वर्षांत अनेक उत्पादकांनी आपल्या पेयांतील साखर आपणहून कमी केली. परिणामी तिजोरीत सुरुवातीच्या अंदाजापेक्षा बरीच कमी रक्कम जमा झाली, आणि तेच या कराचे यश ठरले. ग्राहकाला उपदेश न करता बाटली भरणाऱ्याचा हात त्याने आवरला.

भारतात १ जुलै २०१७ पासून वायुयुक्त पेयांवर २८ टक्के वस्तू व सेवा कर आणि १२ टक्के उपकर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून दोन्ही मिळून ४० टक्क्यांचा एकच दर झाला. भार मोठा दिसतो. परंतु तो साखरेच्या प्रमाणावर नाही. बाटलीत साखर कमी असो वा अधिक, दर तोच. मग उत्पादकाने साखर कमी का करावी? दुसरीकडे त्याच दिवसापासून बिस्किटे, चॉकलेट, आइस्क्रीम आणि वायुरहित फळांची पेये ५ टक्क्यांवर आली. हा कर चैनीच्या वस्तूवरील कर आहे, आरोग्याचा कर नव्हे, हे यावरून स्पष्ट होते.

आता गरिबाची बाजू. १०० रुपये मिळवणाऱ्याचा मोठा हिस्सा अन्नावर खर्च होतो, हजारो मिळवणाऱ्याचा लहान. त्यामुळे अन्नावरील कोणताही कर गरिबाला प्रमाणाने अधिक जड जातो. हा आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. मात्र रोगाचा खर्चही त्यालाच प्रमाणाने अधिक जड जातो. आजारपणात रोजंदारी बुडते, पायाची जखम चिघळते, डोळे अधू होतात आणि मुलीची शाळा सुटते. म्हणून कर न्याय्य ठरण्यास एक अट आहे. त्यातून येणारा पैसा गरिबाच्याच ताटात डाळ, भाजी, फळ आणि शाळेत शुद्ध पाणी होऊन परतला पाहिजे. अंत्योदय कुटुंबाला शिधापत्रिकेवर सवलतीत साखर देण्याची योजना वर्षानुवर्षे चालली. डाळीच्या वाट्याला तशी निश्चिती आली नाही. स्वस्त काय मिळते, त्यावरच गरिबाची निवड ठरते.

ऊसतोड कामगाराचे उदाहरण घ्यावे. मराठवाड्यातून बैलगाडी वा ट्रॅक्टरने सहा-सहा महिने ऊसपट्ट्यात जाणारे हे कुटुंब पहाटेच्या अंधारात फडात उतरते. भूक मारायला गोड चहा, मुलांच्या हाती पाच रुपयांचा बिस्किटपुडा आणि दुपारी चटणी-भाकरी. दोन चमचे साखरेचे पाच कप चहा म्हणजे सुमारे ४० ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली मोकळ्या साखरेतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांखाली, आणि शक्य तर ५ टक्क्यांखाली, म्हणजे दिवसाला सुमारे २५ ग्रॅमच्या आत ठेवावी, असे सुचवले. साऱ्या देशाची साखर जो तोडतो, त्याला संयमाचा उपदेश कोणत्या तोंडाने करावा?

येथे शास्त्रातील एक भेद ध्यानी घ्यावा. बाह्य तपांत ऊनोदरी सांगितली आहे, भुकेपेक्षा दोन घास कमी खाणे. पण पूर्ण जेवण समोर असताना जो स्वेच्छेने हात आखडतो, त्याचीच ती ऊनोदरी. ज्याच्या ताटात मुळात कमी आहे, त्याची उपासमार तप होत नाही. संयम हे निवड असलेल्याचे व्रत आहे. म्हणून वैयक्तिक जबाबदारीचा पहिला धडा गरिबाने नव्हे, सधनाने गिरवावा.

त्याची साधने परंपरेने केव्हाच दिली आहेत. रसपरित्यागात दिगंबर परंपरा दूध, दही, तूप, तेल, मीठ यांबरोबर गूळ-साखर मोजते. श्वेतांबर परंपरेतील सहा विगईंतही गूळ-साखर आहे. चैत्र व आश्विनातील आयंबिल ओळीत नऊ दिवस ती वर्ज्य असते. साखर ही सोडण्याजोगी आणि मोजण्याजोगी वस्तू आहे, हे ज्ञान या समाजाला आधुनिक आहारशास्त्राच्या आधीपासून आहे.

परंतु जैन विचार खाणाऱ्यापाशी थांबत नाही. कर्म तीन प्रकारे घडते : स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करवलेले आणि दुसऱ्याने केल्यावर ज्याला संमती दिली ते. कृत, कारित, अनुमोदित. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांची यादी तर व्यवसायांचीच आहे. विक्रेत्याला ‘ग्राहक मागतो, म्हणून विकतो’ एवढे म्हणून मोकळे होता येत नाही, हेच त्यामागील तत्त्व. साखरेवरील विचारी कर हे कारिताचे उत्तरदायित्व आहे. जो भरतो, जो विकतो, त्यालाही हिशेब द्यावा लागतो. संयम आणि कर एकमेकांचे वैरी नाहीत. एक आतून आवरतो, दुसरा बाहेरून.

महाराष्ट्रात हे बोलणे सोपे नाही. ऊस ही लाखो शेतकऱ्यांची उपजीविका आहे. सहकारी साखर कारखानदारीचा पाया प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून घातला गेला. त्याआधी सोलापूरच्या जैन कुटुंबात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी वालचंदनगर आणि रावळगाव येथे साखर उद्योग उभारला. त्या कर्तृत्वाचा अभिमान योग्यच आहे. पण त्या कर्तृत्वाच्या वारसांनी साखरेचे माप सांगण्यास कचरू नये. उसाला इथेनॉलसारख्या वाटाही आहेत. मुलाच्या पोटाला तशी दुसरी वाट नाही.

सुवर्णमहोत्सवी वर्षात समाजाने शासनाकडे पाहण्याआधी चार गोष्टी आपल्या अंगणात कराव्यात. स्वामीवात्सल्याच्या पंक्तीत चार मिठायांऐवजी एक असावी. पाठशाळेतील मुलांना प्रभावना म्हणून चॉकलेट न देता वही, फळ किंवा फुटाणे द्यावेत. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत अतिसाखर, अतिमीठ व अतिस्निग्ध पदार्थ विकू नयेत, असा अन्नसुरक्षेचा नियम २०२० पासून आहे. तेथे ज्यांची दुकाने आहेत, त्यांनी तो दंडाच्या भयाने नव्हे, व्रत म्हणून पाळावा. आणि मिठाईतून वाचलेल्या रकमेतून दरमहा काही गरजू कुटुंबांना, मग ती कोणत्याही धर्माची असोत, डाळ व कडधान्य पोहोचवावे.

श्रेयांसकुमाराने ओंजळीत काय घालावे याचा विचार केला, म्हणून त्याचे दान आजही स्मरले जाते. मुलाच्या हातात, ग्राहकाच्या पिशवीत आणि पंक्तीच्या पानात काय पडते, याचा तोच विचार आज दुकानात, जेवणावळीत आणि मतदानाच्या रांगेत व्हावा, ही अपेक्षा.

जय जिनेंद्र!