चार मुलांची शाळा

(धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेंत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



ज्युबिली म्हणजे ईश्वराच्या उपकारांच्या स्मरणाचा दिवस. पण तो आपल्या हिशेबाचाही दिवस होय. ह्या हिशेबांतील एक बाब आमच्या मनास बोंचत आहे, ती आज आपणांपुढें मांडतों. प्रथम एका दूरच्या धर्मग्रामाची हकीकत ऐकावी.

फ्रान्स देशाच्या नैर्ऋत्य भागांत सेरिन्याक-पेबुदु नांवाचें एक लहानसें खेडें आहे. १९३५ सालीं तेथें आबे ग्रानरो हे धर्मगुरु होते. ते स्वतः शेतकऱ्याचे पुत्र. मुलगा हुशार दिसला कीं शाळेनें त्याला शहराची वाट दाखवावी, आणि जो शेतावर राहील त्याच्या वांट्यास अज्ञान यावें, ही गोष्ट त्यांच्या मनास फार लागली होती. त्या गांवांतील एका शेतकऱ्याचा मुलगा शाळेंत जाण्यास मुळींच तयार होईना. शेतीच करावयाची, हा मुलाचा हट्ट. त्यानें अडाणी राहूं नये, ही बापाची तळमळ. तेव्हां धर्मगुरूंनीं पालकांशीं बसून विचार केला, आणि त्या वर्षाच्या नोव्हेंबर महिन्यांत आपल्या राहत्या घरींच चार मुलांना घेऊन शिक्षणास आरंभ केला.

त्या शिक्षणाची रीत अशी: महिन्यांतून एक आठवडा मुलांनीं धर्मगुरूंच्या घरीं राहून अभ्यास करावा, व उरलेले दिवस आपापल्या शेतावर राबावें. धर्मगुरु कांहीं कृषिशास्त्रज्ञ नव्हते. म्हणून तूलूझ येथील प्यूरपाँ कृषिविद्यालयाचे पाठ टपालानें मागविले जात. वाचलेलें शेतांत पडताळून पाहावयाचें, आणि शेतांत आलेली शंका पुढल्या खेपेस घेऊन यावयाची. अशा प्रकारें पुस्तक व नांगर ह्यांची सोयरीक जमली.

पुढें मुलांची संख्या वाढली. १९३७ सालीं लोझाँ गांवीं घर घेतलें, तेव्हां त्याचा भार पालकांनीं संस्था स्थापून आपल्या शिरीं घेतला. शाळा सरकारची नव्हे, एकट्या धर्मगुरूंचीही नव्हे, तर कुटुंबांची. म्हणून तिला “कुटुंबगृह” हें नांव मिळालें. ह्या वृत्तान्ताचें मर्म आम्हांस येथेंच दिसतें. आरंभ धर्मगुरूनें करावा, पण भार आईबापांनीं उचलावा. नाहीं तर धर्मगुरूची बदली होतांच काम बंद पडतें. आज फ्रान्समध्यें अशीं चारशेंहून अधिक गृहें आहेत, आणि ती पद्धति आफ्रिकेंत व दक्षिण अमेरिकेंतही रुजली आहे.

आतां आपल्या हिशेबाकडे वळूं. आपल्या वसईंत पूर्वजांनीं बावखलांचें पाणी रहाटानें ओढून केळींच्या व पानवेलींच्या वाड्या फुलविल्या. आज मुलगा शिकला कीं पहाटेची गाडी धरतो, आणि वाडी ओस पडते. दोष त्याचा नव्हे. “तुझ्यासारख्या हुशार मुलानें वाडींत कशाला राहावें?” हा प्रश्न व्यासपीठावरून नसला तरी ओसरीवर बसून आम्हींच विचारलेला आहे. त्याचें आज आम्हांस दुःख होतें.

म्हणून केवळ पश्चात्ताप न करतां आम्ही एक निश्चय केला आहे. धर्मगुरुनिवासांतील एक खोली दर शनिवारीं सायंकाळीं तरुणांच्या अभ्यासमंडळासाठीं मोकळी राहील. ज्याला नोकरी करावयाची त्यानेंही यावें. वाडीचें ज्ञान नोकरीच्या आड येत नाहीं. शंभर मुलांची वाट आम्ही पाहणार नाहीं, चार पुरेत. मात्र त्या चौघांच्या आईबापांनीं पहिल्याच शनिवारीं त्यांच्याबरोबर यावें, एवढीच आमची अट आहे.

दाखल्यांतील चाकरानें धन्याचें द्रव्य भूमींत पुरून ठेविलें, म्हणून तो दोषी ठरला. आपणांस तर धन्यानें भूमीच द्रव्य म्हणून सोंपविली आहे. तिचा हिशेब देण्याची वेळ येईल, तेव्हां आपले हात रिकामे नसावेत, ह्यासाठीं शेतकऱ्यांचा आश्रयदाता संत इसिदोर आपणांकरितां विनंती करो.