खेड्यांतला आहारतज्ज्ञ आणि त्याचें शिक्षण

आहारशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गांत विद्यार्थिनींकडून एक गणित पुनःपुन्हां सोडवून घेतलें जातें. अमुक वयाची, अमुक वजनाची, अमुक काम करणारी एक व्यक्ति. तिला दिवसभरांत उष्मांक किती लागतील, प्रथिनें किती लागतील आणि तीं कोणत्या पदार्थांतून पुरवावयाचीं, याचा तक्ता करावयाचा. सकाळीं दूध, दुपारीं पोळी-भाजी-वरण, मध्यंतरीं एखादें फळ, रात्रीं पुन्हां तेंच थोड्या फरकानें. कोष्टकांतले आंकडे मांडले, बेरीज जुळली, कीं गणित सुटलें. याच विद्यार्थिनीची नेमणूक उद्यां जव्हार किंवा मोखाडा तालुक्यांतल्या एखाद्या रुग्णालयांत झाली, तर तिच्यासमोर येऊन बसते ती कडेवर दीड वर्षाचें मूल घेतलेली वारली किंवा कातकरी बाई. मुलाचें वजन जेमतेम सहा किलो. आहारतज्ज्ञ शिकल्याप्रमाणें सांगूं लागते : रोज पेलाभर दूध द्या, पालेभाजी द्या, फळ द्या. घरीं दुभतें जनावर नाहीं, बाजार आठवड्यांतून एकदां भरतो, आणि फळ विकत आणावयाचें असतें ही कल्पना त्या घरांत कधीं शिरलेलीच नाहीं. बाई सर्व ऐकून घेते आणि म्हणते, “बरं, ताई.”

या “बरं, ताई”चा अर्थ होकार असा नव्हे. बोलणें संपविण्याची ती एक सभ्य रीत आहे. हें ज्या दिवशीं उमगतें, त्या दिवशीं ग्रामीण आहारतज्ज्ञाचें खरें शिक्षण सुरू होतें. तक्रार एवढीच, कीं पुष्कळदां तो दिवस पदवी हातीं पडल्यानंतर उजाडतो.

वास्तविक हें शास्त्र आपल्या देशांत वाढलें तें लोकांच्या ताटाकडे पाहूनच. निलगिरींतल्या कुन्नूर येथें १९१८ सालीं रॉबर्ट मॅककॅरिसन यांनीं बेरीबेरी रोगाच्या शोधासाठीं एक छोटी प्रयोगशाळा सुरू केली. हिंदुस्थानच्या निरनिराळ्या प्रांतांतले लोक जें जेवतात, तेंच उंदरांना खाऊं घालून त्यांनीं त्यांची वाढ तपासली. गहूं, दूध, डाळ आणि भाज्या असलेल्या शीख लोकांच्या आहारावर वाढलेले उंदीर सर्वांत धडधाकट निघाले. पुढें अॅक्रॉइड यांच्या कारकीर्दींत, १९३७ सालीं, हिंदी खाद्यपदार्थांच्या पोषणमूल्यांची पुस्तिका निघाली. त्या काळीं कुन्नूरचे कार्यकर्ते तराजू घेऊन खेड्यांतल्या घरांत जात आणि चुलीवर चढण्यापूर्वींचें धान्य तोलून घेत. ही संस्था १९५८ सालीं हैदराबादेस गेली आणि १९६९ पासून राष्ट्रीय पोषण संस्था या नांवानें ओळखली जाऊं लागली. तिनें २०१७ सालीं प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांत ५२८ खाद्यपदार्थांचें पृथक्करण आहे. म्हणजे ज्या कोष्टकांवर आजच्या विद्यार्थिनीची बेरीज जुळते, त्या कोष्टकांच्या मुळाशीं कोणाची तरी पायपीट आहे. आंकडे वर्गांत आले. पायपीट मात्र मागेंच राहिली.

आहारतज्ज्ञ होण्याचा मार्ग आज साधारणपणें असा आहे. गृहविज्ञान किंवा पोषणशास्त्र घेऊन पदवी, त्यानंतर दोन वर्षांची एम्. एस्सी. किंवा एक वर्षाची पदव्युत्तर पदविका, मग रुग्णालयांत सहा महिन्यांची उमेदवारी, आणि १९६३ सालीं स्थापन झालेल्या भारतीय आहारतज्ज्ञ संघटनेची परीक्षा. ती उत्तीर्ण होणाऱ्यास नोंदणीकृत आहारतज्ज्ञ म्हणतात. २०२१ सालीं संसदेनें वैद्यकसंलग्न व्यवसायांसंबंधीं जो कायदा केला, त्याच्या अनुसूचींत आहारतज्ज्ञांचाहि समावेश झाला. कोणीहि उठावें, चार पुस्तकें वाचावीं आणि दारावर पाटी लावावी, या प्रकारास त्यामुळें आळा बसण्याचा मार्ग खुला झाला, हें चांगलेंच झालें.

पण उमेदवारीचे ते सहा महिने कोठें जातात, हें पाहण्याजोगें आहे. ते जातात शहरांतल्या मोठ्या रुग्णालयांत. तेथें मधुमेह्याचें पथ्य, मूत्रपिंडाच्या रोग्याचें मोजकें मीठ आणि मोजकीं प्रथिनें, शस्त्रक्रियेनंतर नळीवाटे द्यावयाचें अन्न, हें सर्व बारकाईनें शिकावयास मिळतें. तें आवश्यक आहे, यांत शंका नाहीं. आजकाल खेड्यांतहि मधुमेह आणि रक्तदाब पाहुण्यासारखे येऊन घरच्यासारखे राहिले आहेत. परंतु रुग्णालयांत रोग्यापुढें जें ताट येतें, तें मुदपाकखान्यांतून येतें. खेड्यांत तें ताट कोणाच्या हातून, कोणत्या डब्यांतून, कोणाच्या वांट्यांतून कमी होऊन येतें, हें पाहण्याची सोय खाटेशेजारीं उभें राहून होत नाहीं. सामाजिक पोषण हा विषय अभ्यासक्रमांत असतो, त्यासाठीं गांवभेटीहि होतात. पण सकाळच्या गाडीनें जाऊन संध्याकाळच्या गाडीनें परतणाऱ्या भेटींत गांव फार तर दिसतें, कळत नाहीं.

काय कळावयास हवें? पहिली गोष्ट मापाची. आहारतज्ज्ञ ग्रॅम मोजते. तिच्याजवळ ठराविक वाट्यांचा संच असतो. गांवांतली म्हातारी शेर, मापटें, चिपटें यांची भाषा बोलते, आणि तिच्या घरची वाटी ही वाटीच असेल असें नाहीं. कधीं ती पळी असते, कधीं ओंजळ. शेराच्या मापानें घेतलेली नागली आणि त्याच मापानें घेतलेले पोहे वजनांत सारखे नसतात, हें उघड आहे. “काल काय काय खाल्लें?” या चौकशीवर सारें गणित उभें असतें, आणि मापच चुकलें तर पुढची बेरीज कितीहि अचूक असली तरी तिचा उपयोग काय?

दुसरी गोष्ट ऋतूची. जव्हार-मोखाड्याकडच्या घरांत आषाढांत जें असतें तें माघांत नसतें. पावसाचीं पहिलीं सरें पडलीं कीं रानांत शेवळें, टाकळा, कुर्डू, करटोलीं येतात. शेवळें घशास खाजतें म्हणून त्यांत काकडाचीं आंबट फळें घालून शिजविण्याची तिकडे रीत आहे. ही रीत ज्या बायकांनीं शोधली, त्यांस आहारशास्त्र येत नव्हतें असें म्हणण्याचें धाडस कोणी करूं नये. पण हेच दिवस कोठींतलें धान्य संपत आल्याचे असतात, आणि भातलावणीसाठीं आई पहाटेपासून चिखलांत असते. दिवाळीनंतर पुष्कळ कुटुंबें वीटभट्ट्यांवर जातात, तीं पावसाळा तोंडाशीं आला कीं परततात. कार्तिकांत आंखून दिलेला आहार पाळावयास पौषांत त्या घरांत माणूसच नसतें.

तिसरी गोष्ट प्रतिष्ठेची. ती सर्वांत अवघड. शंभर ग्रॅम नागलींत साडेतीनशें मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतें, तर सडलेल्या पांढऱ्या तांदळांत तें दहाच्या घरांत असतें. तरीहि पुष्कळ ठिकाणीं नागली हें गरिबीचें आणि पांढरा भात हें सुधारणेचें लक्षण मानलें गेलें. आतां, २०२३ हें वर्ष जगभर भरडधान्यांचें वर्ष म्हणून पाळलें गेल्यानंतर, तीच नागली शहरांत सुबक पुड्यांतून महाग भावानें विकली जाते. जिच्या शेतांत ती पिकते त्या बाईस ती पुन्हां ताटांत घेण्यास सांगणें, आणि तें तिचा कमीपणा न दाखवितां सांगणें, हें कौशल्य कोणत्याहि कोष्टकांत छापलेलें नाहीं.

या सर्वांची कसोटी लागते ती पोषण पुनर्वसन केंद्रांत. अशा केंद्रांसाठीं २०११ सालीं जे नियम ठरले, त्यांप्रमाणें दहा खाटांच्या केंद्रास एक पोषण समुपदेशक असावा लागतो. सहा महिन्यांपासून पांच वर्षांपर्यंतच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरहून कमी भरला, किंवा दोन्ही पायांवर सूज आली, तर तें मूल अतितीव्र कुपोषित समजतात. अशा मुलास एकदम भरपूर अन्न द्यावें असें कोणाहि मायाळू माणसास वाटेल, आणि त्यांतच धोका आहे. उपासानें खंगलेल्या शरीरास तो भार सोसत नाहीं. हृदयावर ताण पडून मूल दगावूं शकतें. म्हणून आरंभीं शंभर मिलिलिटरमध्यें ७५ उष्मांक असलेलें पातळ दूध, तेंहि दर दोन तासांनीं, रात्रींसुद्धां. भूक परतल्याची खूण दिसल्यावर शंभर उष्मांकांचें. येथें शास्त्रावांचून तरणोपाय नाहीं, आणि पदव्युत्तर शिक्षणाचें मोल येथें दिसतें. खेड्यास अर्धवट शिकलेलें माणूस चालेल, असें म्हणणाऱ्यांनीं हें ध्यानांत घ्यावें.

पण हे उपचार दोन आठवड्यांचे. तितके दिवस आईनें केंद्रांत राहावयाचें. घरीं दुसरीं दोन मुलें आहेत, लावणी अर्ध्यावर आहे, नवऱ्याचे निरोपावर निरोप येत आहेत. पांचव्या दिवशीं मूल हसूं लागतें आणि त्याच दिवशीं आई बोचकें बांधूं लागते. त्या क्षणीं समुपदेशकाची एम्. एस्सी. कामास येते कीं नाहीं, हें ती आईशीं पहिल्या दिवसापासून काय बोलली यावर ठरतें.

तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यानें या बाबतींत एक धडा पूर्वींच घालून दिला आहे. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डीस ग्राम बालशिक्षा केंद्र काढलें. पुढें १९५७ सालीं तें कोसबाडच्या टेकडीवर गेलें. पाड्यांवरचीं मुलें शाळेंत येत नाहींत असें दिसतांच ताराबाई आणि अनुताई वाघ यांनीं शाळाच मुलांच्या अंगणांत नेली, आणि अंगणवाडी हा शब्द तेथून देशभर गेला. १९७५ सालीं एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हां तिच्या केंद्रांना तेंच नांव मिळालें. शाळा अंगणांत जाऊं शकते, तर पदव्युत्तर वर्ग पाड्यावर कां जाऊं नये? उमेदवारीच्या सहा महिन्यांपैकीं निदान दोन महिने तालुक्याच्या रुग्णालयांत आणि अंगणवाड्यांत, तेथेंच मुक्काम करून काढावे. त्यांतले कांहीं दिवस पावसाळ्यांतले असावे. त्यास परीक्षेंत गुण असावे, नाहींतर तीहि सहल होईल.

ही कल्पना निव्वळ हौसेची नव्हे. ऑस्ट्रेलियांत अंतरें आपल्याहून मोठीं. सिडनीपासून अकराशें किलोमीटरहून दूर असलेल्या ब्रोकन हिल या खाणींच्या गांवीं १९९७ सालीं विश्वविद्यालयाचा ग्रामीण आरोग्य विभाग सुरू झाला, आणि पुढें तसे अनेक निघाले. आरोग्यसेवेच्या निरनिराळ्या शाखांचे विद्यार्थी अशा ठिकाणीं राहून शिकतात. जागतिक आरोग्य संघटनेनेंहि २०१० सालीं हेंच सुचविलें : ग्रामीण भागांतले विद्यार्थी निवडून घ्या, शिक्षणाचा कांहीं काळ ग्रामीण भागांत ठेवा, आणि तेथें राहणाऱ्यांच्या वेतनाची व निवासाची काळजी घ्या. यांतली शेवटची अट आपण विसरतों. ठेक्यावरची नोकरी, वर्षावर्षानें नूतनीकरण आणि राहावयास जागा नाहीं, अशा स्थितींत मुंबई-पुण्याच्या सुशिक्षित घरांतून मुलगी पाठवावयास आईबाप कचरतात, तर त्यांस सरसकट दोष देतां येत नाहीं. मात्र तिला वजन उतरविण्याच्या सल्ल्यासाठीं शहरांत दवाखाना थाटून द्यावयास तेच आईबाप तयार असतात, हेंहि खरें.

अशी एखादी मुलगी त्या भागांत दोन पावसाळे काढते. कडेवर मूल घेतलेली बाई पुन्हां समोर येऊन बसते. आतां दूध आणि फळ यांचें नांव निघत नाहीं. “काल घरांत काय होतं?” असें ती विचारते. नागली होती, थोडे उडीद होते, बाजारांतून आणलेली सुकट होती. मग नागलीच्या आंबिलींत चमचाभर तेल, सुकट भाजून कुटून भातांत, आणि दिवसांतून दोनदां ऐवजीं पांचदां थोडें थोडें भरवणें, एवढेंच ती सांगते. बाई या वेळीं “बरं, ताई” म्हणत नाहीं. ती म्हणते, “तेल घालीन. पण मी शेतावर गेल्यावर भरवणार कोण?” आहारतज्ज्ञ हातांतला तक्ता बाजूस ठेवते आणि घरीं म्हातारी कोण आहे, अंगणवाडी किती पावलांवर आहे, याची चौकशी करूं लागते.